म्हशीचा निबंध आणि सुप्यातलं शून्य

नगर जिल्ह्यात चार दिवस काढून आलो असं सांगितलं, की लोक विचारतात, "शिर्डी का शिंगणापूर?" मी म्हणतो, "मूल्यमापन." मग समोरचा जरा घुटमळतो आणि पावसापाण्याचं बोलायला लागतो. माझी तक्रार नाही. मला कुणी असं सांगितलं असतं, तर मीही विषय बदलला असता.

झालं असं, की आमच्या सौ. म्हणजे शैला बरीच वर्षं शाळेत शिकवून आता शिक्षकांना शिकवतात. काय, तर पेपर कसा काढावा, कसा तपासावा आणि तपासताना पोरावर अन्याय कसा होऊ देऊ नये. माझं कोल्हापुरात हार्डवेअरचं दुकान. आमच्या धंद्यात हा प्रश्न येत नाही. अर्ध्या इंचाचा नळ अर्ध्या इंचाच्या पाइपाला बसतो. नाही बसला, तर गिऱ्हाईक तो परत आणून काउंटरवर आपटतं. उत्तरपत्रिका मात्र कुणी परत आणून आपटत नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे, असं हिचं म्हणणं.

या खेपेला हिचं प्रशिक्षण नगर जिल्ह्यात होतं, आणि ठरवलेल्या ड्रायव्हरच्या मेहुणीचं लग्न ऐनवेळी निघालं. दुकान धाकट्या भावाच्या गळ्यात मारून मी स्टिअरिंगवर बसलो. पण ड्रायव्हरकीवर भागलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता ही म्हणाली, "अहो, एक निबंध लिहून द्या. पाचवीतल्या मुलीनं लिहिल्यासारखा. फार चांगला नको."

'फार चांगला नको' ही अट मला मुळीच जड गेली नाही. डाव्या हातानं, जीभ बाहेर काढून मी 'आमची म्हैस' हा निबंध लिहिला. वर नाव घातलं, कु. अनुराधा. "मी रोज सकाळी उठतो. मी म्हशीला तळ्यावर नेतो. एकदा म्हैस पाण्यातून बाहेर येईना म्हणून मी पण पाण्यात गेलो. आईने मला मारले. म्हशीला मारले नाही." असा तो सगळा. हिनं साडीच्या घड्या घालता घालता वाचला, "बरा आहे" म्हणाली आणि झेरॉक्स काढायला मलाच पिटाळलं.

या निबंधात काय चूक आहे, हे आम्हा दोघा कोल्हापूरकरांना दिसलं नाही. तुम्हाला एव्हाना दिसली असेल.

सुपा, बुधवार

पुणं सोडून नगरच्या रस्त्याला लागलं, की शिरूरनंतर हिरवा रंग हळूहळू कमी होत जातो. घोडनदी ओलांडली, की माळ सुरू. आमच्याकडे नजर टाकावी तिथं ऊस उभा असतो. इथं नजर टाकली की ती कुठंही न अडता थेट पवनचक्कीवर जाऊन थांबते. सुप्याला कारखान्यांच्या शेडी, ट्रेलरच्या रांगा, आणि जानेवारीचं असं कोरडं वारं, की ओठ फुटून चहासुद्धा झोंबावा.

एका शाळेच्या हॉलमध्ये शिक्षक जमले होते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं ते कुठल्याही शाळेत होऊ शकलं असतं. मी मागच्या बाकावर बसलो. पाचवीच्या मुलांचा बाक. माझे गुडघे हनुवटीला आले. माझी ओळख कुणी करून दिली नाही. ड्रायव्हर म्हणून मला चहा आधी मिळाला, एवढाच फायदा.

हिनं माझा निबंध सगळ्यांना वाटला. "एकमेकांचं न बघता दहापैकी गुण द्या," म्हणाली. मग गुण फळ्यावर लिहिले. कुणी सात, कुणी चार, कुणी साडेपाच. अर्धा गुण कशाचा, असं विचारल्यावर ते गुरुजी म्हणाले, "अक्षराचा. लई गिचमिड हाय, पण पोरीनं कष्ट घेतलेले दिसत्यात." मला त्या गुरुजींना मिठी मारावीशी वाटली.

"बघा," ही खुलून म्हणाली, "निबंध एकच, पण नशीब कुणाच्या टेबलावर पडेल त्यावर. म्हणून आधी निकष ठरवायचे. आशयाला किती, मांडणीला किती, भाषेला किती..."

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. गायकवाड बाई. काठाची साडी, खांद्याला पर्स, आवाज असा की माइकची गरज नाही.

"मॅडम, माझं शून्य हाय. ते फळ्यावर राहिलं."

"शून्य? का हो?"

"हा निबंध तिचा न्हाईच. नाव कुमारी अनुराधा, आणि आत 'मी उठतो, मी नेतो, मी पाण्यात गेलो'? भावाचा उतरवलाय. नाव बदललं, क्रियापदं बदलायची राहिली. आमी वर्षानुवर्षं पोरं पकडतोय, मॅडम."

हॉलमध्ये एकदम "अरे हां!" "व्हय की!" असं झालं. साडेपाचवाले गुरुजी म्हणाले, "माझ्या ध्यानातच आलं न्हाई," आणि त्यांनी माझा कष्टाचा अर्धा गुणसुद्धा काढून घेतला. बघता बघता सगळ्या हॉलनं माझे गुण शून्यावर आणले. निकषबिकष बाजूलाच राहिले. आता चर्चा एकच, अनुराधाला भाऊ किती.

हिनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. तो थंडीमुळं बंद होता, तरी पाहिलं.

गोष्ट अशी, की आमच्या कोल्हापूरकडे बायका-पोरीही 'मी जातो', 'मी आलो' असंच म्हणतात. माझी आई म्हणायची, बहिणी म्हणतात, आणि ही चारचौघांत 'मी येते' म्हणणारी बाई घरात माझ्यावर चिडली की 'मी निघालो माहेराला' असंच म्हणते. आमच्या कानाला त्यात काही खटकतच नाही. हिनं ते सगळं समजावून सांगितलं. लोक हसले. "म्हणजे तिकडं बायका पण पैलवान!" असं कुणीतरी म्हणालं आणि आणखी हसले.

गायकवाड बाई हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्या हिच्याजवळ आल्या.

"मॅडम, खरंच बोलत्यात का तसं? का आपलं प्रशिक्षणापुरतं?"

"अहो, खरंच."

बाईंनी खुर्ची ओढली. त्यांच्या पाचवीच्या वर्गात दिवाळीनंतर एक मुलगी आली होती, स्वाती. बाप कारखान्यात फिटर, मूळचे कागलचे. घटक चाचणीत 'माझी सुट्टी' हा निबंध होता. स्वातीनं लिहिलं, मी मामाकडे गेलो, मी विहिरीत पोहलो. बाईंनी शून्य दिलं, वर लाल शाईनं 'नक्कल' लिहिलं, आणि वर्गासमोर उभी करून विचारलं, हे तू लिहिलंस का?

"मग?"

"तिनं मान हलवली. न्हाई म्हणून. कबूलच केलं की, मॅडम! तवापासून वर्गात तोंड उघडत न्हाई. हजेरीला सुद्धा नुसता हात वर करती. बाप शनिवारी दाखला न्यायला येणार हाय. कागलला आजीकडं ठेवणार म्हणतो. आई-बाप इथं आणि पोर तिथं."

"भ्यायलेलं पोर कशालाही मान हलवतं, बाई. शून्य काढून टाका."

"असं कसं काढू? पुरावा लागंल न्हाई? वर्गासमोर बोललेय मी." बाई थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसल्या. मग उठत म्हणाल्या, "उद्या तिला माझ्यासमोर बसवते. तोच विषय, परत लिही म्हणते. मग कळंल."

हे हिला पटलं. मलाही पटलं. दुकानात नळ गळतो म्हणून कुणी भांडायला आलं, तर आम्हीही त्याच्यासमोर पाण्याला लावूनच बघतो. सरळ गोष्ट आहे, असं वाटलं. इथंच आमचं चुकलं.

भिंगार, गुरुवार

नगरचं नाव आता बदललंय. पाट्यांवर नवं, मोबाईलच्या नकाशात कधी नवं कधी जुनं, आणि ज्याला रस्ता विचाराल तो म्हणतो, "नगर का? सरळ." बुधवारी संध्याकाळीच तिथं पोचलो आणि एका खाणावळीत शिपी आमटी खाल्ली. चार डाळी एकत्र, काळा मसाला, वर तर्री. वाटेत मी कोल्हापूरचा माणूस म्हणून तिखटाबद्दल मोठमोठ्या गप्पा मारल्या होत्या. पहिल्या भुरक्याला कानात शिट्टी वाजली. वाढणारा म्हणाला, "काका, भाकर चुरून खा. नुसती प्यायची नसती." सवय नसल्याचं मी कबूल केलं नाही. "मसाला जरा कमी आहे," म्हणालो. त्यानं लगेच आणून वाढला. ही तोंडाला पदर लावून हसत होती.

गुरुवारी सकाळी भिंगारला गेलो. लष्करी छावणीचे रस्ते आखीव, झाडांचे बुंधेसुद्धा तांबड्या-पांढऱ्या रंगात एका उंचीवर रंगवलेले. झाडांनाही इथं गणवेश आहे. त्यातून बाहेर पडून जुन्या बाजारात शिरलं, की मात्र आपल्या ओळखीचं जग, म्हणजे सायकल, बकरी आणि टेम्पो एकाच गल्लीत.

मी हिला विनवलं होतं, "आज दुसरा निबंध घे. 'आई' घे, 'झाड' घे." ही म्हणाली, "हाच घेणार. तुमची चूक माझ्या फार कामाची निघाली." लग्नानंतर माझ्या एखाद्या चुकीचं असं कौतुक पहिल्यांदाच झालं.

पुन्हा तोच खेळ. पुन्हा सात, चार, तीन आणि दोन शून्यं. मग खिडकीजवळ बसलेले पठाण सर उठले. निवृत्तीला आलेले, मफलर गुंडाळलेले.

"मी गुण दिलेच नाहीत," ते म्हणाले. "आधी सांगा, पोरगी कुठली?"

ही तर आनंदानं जवळजवळ रडायचीच बाकी राहिली.

"आमच्या वर्गात पोरं येतात आणि जातात," सर म्हणाले. "बापाची बदली, की पोराची पण. कुणाचं 'पाऊस पडली', कुणाचं 'ती आला'. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना नापास करायचो. मग एकदा एका पोराला विचारलं, घरी काय बोलतो रे? तवापासून आधी गाव विचारतो, मगच पेन उघडतो."

"मग कोल्हापूरची असेल तर किती द्याल?" हिनं विचारलं.

"सहा. कॉपी नाही. भाषेचा एखादा गुण जाईल, कारण लिहायची भाषा शिकवायला हवीच. बाकीचे तीन," सरांनी कागद पुन्हा पाहिला, "निबंध फार रटाळ आहे म्हणून. म्हशीवर निबंध, आणि म्हशीच्या डोळ्यांवर एक ओळ नाही?"

मागच्या बाकावर माझे कान तापले. आमटीनं तापले होते त्याहून जास्त.

संध्याकाळी ही सुप्याला फोन लावत बसली. एकदा लागला नाही, एकदा उचलला नाही. शेवटी गायकवाड बाईच बोलल्या, आणि त्यांचा आवाज मला गाडीच्या दुसऱ्या सीटवर ऐकू येत होता.

"मॅडम, लिहून घेतला! माझ्यासमोर. शेजारी चिटपाखरू न्हवतं. एक चूक न्हाई! 'गेलो' न्हाई, 'पोहलो' न्हाई, काही न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला शुद्ध लिहिता येतं! मग पयला कुणाचा हुता? कॉपीच हुती, मॅडम. आता तर पुरावाच झाला."

हिनं फोन ठेवला आणि डॅशबोर्डवर असा हात मारला, की गणपती हलला. चूक केली म्हणून पोर चोर, आणि चूक केली नाही म्हणून पक्की चोर. माझ्या दुकानात हा न्याय लावला, तर न गळणारा नळही मला परत घ्यावा लागेल.

पुणतांबा, शुक्रवार

नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलं, की गाडीचे सगळे नटबोल्ट आपापलं अस्तित्व कळवायला लागतात. मी धंद्यानं नटबोल्टवाला, म्हणून मला एकेकाचा आवाज ओळखू येत होता. राहुरी मागं पडल्यावर पुन्हा ऊस दिसायला लागला आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. पुणतांब्याला गोदावरी. हिवाळ्यातली, शांत, घाटाच्या पायऱ्यांना लागून निवांत पसरलेली. पेरूच्या बागा, आणि प्रत्येक बागेच्या तोंडाशी पेरू घेऊन बसलेली एक तरी बाई.

इथल्या हॉलमध्ये भांडण झालं. म्हणजे ज्याला ही 'उत्तम चर्चा' म्हणते, ते.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते कदम गुरुजी म्हणाले, "आमची पोरं 'पानी' लिहित्यात, 'लोनी' लिहित्यात, त्येला आमी अर्धा गुण कापतो आन् सोडून देतो. चोर कुणी म्हणत न्हाई. मग त्या पोरीचं 'गेलो' एवढं काय जड झालं?"

एक तरुण शिक्षिका उभ्या राहिल्या. "गुरुजी, तुम्ही सोडून देता, पण पुढं स्पर्धा परीक्षेला पेपर तपासणारा सोडून देईल का? आत्ता गोड वाटतं. नंतर तेच पोर म्हणेल, मला कुणी सांगितलंच नाही."

यावर हॉल दुभंगला. बोलणं वाढलं, आवाज वाढला, आणि मग आमच्या बाईसाहेबांचा सकाळपासूनचा, खरं म्हणजे बुधवारपासूनचा, बांध फुटला. टेबलावर डस्टर आपटून ही ओरडली, "अहो थांबा की जरा! मी सांगतो ना!"

असा हशा पिकला, की बाहेर वरांड्यात चहा गाळणारी बाई दारात येऊन उभी राहिली. ही लाल झाली. पण लगेच सावरून म्हणाली, "हसा. पण आता सांगा, हे मी कुणाचं कॉपी केलं?"

मग हिनं फळ्यावर एक आणि दोन असे आकडे लिहिले.

"दोन प्रश्न आहेत," ती हळू म्हणाली. "पोरानं स्वतः लिहिलं का, हा एक. कसं लिहिलं, हा दुसरा. दुसऱ्याचे गुण जरूर कापा, शिकवाही. पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्या प्रश्नाखाली लिहू नका." तरुण शिक्षिकेनं मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, विचार करायचा आहे म्हणून. मला ती मान आवडली.

मग कदम गुरुजींच्या शेतात हुरडा. शेणीच्या आगटीत कणसं खुपसायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि लसणाच्या चटणीबरोबर तोंडात. आमच्याकडे पाहुण्याला ताट मांडून बसवतात. इथं पाहुण्याचेही हात काळे करतात, आणि ते मला जास्त घरगुती वाटलं. मी एवढा खाल्ला, की गुरुजींची आई म्हणाली, "बाबा, रात्रीला भाकरी खाशील का न्हाई?" मी खाईन म्हणालो. खाल्लीही. त्याचा पश्चात्ताप पहाटेपर्यंत होता.

ही मात्र आगटीसमोर कणीस हातात धरून नुसती बसली होती. "एकही चूक नाही," मधेच म्हणाली. "कागलची पोर, दोन महिन्यांत? एकही नाही?"

पुन्हा सुपा, शनिवार

शनिवारची शाळा सकाळची. लवकर निघालो, पण निघताना गुरुजींनी डिकीत पेरूची दोन पोती टाकली, ती नको म्हणण्यात वेळ गेला, आणि हो म्हणण्यात आणखी गेला. पुढं रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, वर टेपवर गाणं, आणि ओलांडून जावं तर समोरून तसाच दुसरा. मी हॉर्न वाजवत होतो, ही घड्याळ बघत होती. "बाप येऊन गेला असेल," ही म्हणायची. "नाही गेला," मी म्हणायचो, जणू मीच त्याला थांबवून ठेवलाय. आयुष्यात पहिल्यांदाच मी उसावर चिडलो. कोल्हापूरच्या माणसाला हे शोभत नाही.

शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल उभी होती. हँडलला पिशवी. शेजारी स्वातीचा बाप, कारखान्याच्या निळ्या शर्टात, रात्रपाळी करून थेट आलेला. स्वाती पिशवीपाशी उभी. दोन वेण्या, मान खाली.

गायकवाड बाई ऑफिसात दाखला लिहीतच होत्या. हिला बघून त्यांनी पेन ठेवलं, ड्रॉवरमधून कागद काढला आणि समोर धरला. "वाचा तुमीच. आन् सांगा मला, माझं काय चुकलं."

ही म्हणाली, "मी नाही वाचत. तुम्ही वाचा. मोठ्यानं. आपण बुधवारी निकष ठरवायचे म्हणालो होतो, ते राहिलेच. पहिला निकष, विषयाला धरून आहे का. विषय काय?"

"माझी सुट्टी." बाई वाचू लागल्या. "'सुट्टी लागली. एसटी आली. मामाचे गाव आले. मामाची विहीर खोल आहे. पाणी थंड होते. आजीने भाकरी दिली. भाकरी गरम होती. संध्याकाळी गाई घरी आल्या. चांदणे पडले. सुट्टी संपली.'" त्यांनी वर पाहिलं. "बघा. काढा चूक."

"कुणाची सुट्टी आहे, बाई?"

"कुणाची म्हणजे? स्वातीची."

"कागदावर कुठं आहे ती?"

बाईंनी पुन्हा वाचलं. या वेळी मोठ्यानं नाही. बोट ओळींवरून फिरत होतं. एकदा वरून खाली, मग परत वरून. विहीर होती, पाणी होतं. पोहणारं कुणी नव्हतं. भाकरी होती, ती खाल्ली कुणी ते नव्हतं. मलाही ते दिसलं.

बाईंनी दारातून हाक मारली. स्वाती आली, मागं बापही आला.

"स्वाती, यात तू कुठाय गं?"

ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

ही पुढं झाली, खाली वाकली आणि घरच्या आवाजात म्हणाली, "मी बी कोल्हापूरचीच हाय की, बाळ. आता हितनं घराला जातो मी."

स्वातीनं झटकन मान वर केली. एवढी मोठी, पदर घेतलेली, चष्मा लावलेली बाई 'जातो' म्हणते, हे तिनं दोनदा तपासून पाहिलं असावं. मग बाईंकडं बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी लिहिलं की चुकतंय. म्हणून मी काढून टाकला."

"काय काढून टाकलं?"

"मी."

गायकवाड बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, जुनी उत्तरपत्रिका पुढं ओढली आणि 'नक्कल' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग आणखी एक. मग तो शब्द दिसेनासा होईपर्यंत मारत राहिल्या. शेजारी लिहिलं, सात.

"आठ झाले असते," त्या हिच्याकडं न बघता म्हणाल्या. "भाषेचा एक मी कापला. तो मी सोडणार न्हाई. 'गेले', 'पोहले' मी तिला शिकवणार."

"कापा की," ही म्हणाली. "तो तुमचा हक्कच आहे."

बाप दारातच उभा होता. "मग दाखला, मॅडम?"

"दाखला सोमवारी मागा. मागावासा वाटला तर." बाई उठल्या. "मी वर्गासमोर बोलले हुते. वर्गासमोरच सांगायचं राहिलंय. ते आधी हुंद्या."

बापानं बाहेर जाऊन हँडलची पिशवी काढली आणि हातात घेऊन उभा राहिला. ठेवावी कुठं, ते त्याला सुचेना. मी डिकी उघडून त्याला पेरू दिले. निदान पिशवीला काम मिळालं. त्यानं एक पेरू शर्टाला पुसला आणि मला विचारलं, "पावणं, कोल्हापुरात कुठं?" दुकानाचा पत्ता सांगितल्यावर म्हणाला, "तुमच्याकडनं व्हॉल्व नेलाय मी. गळत न्हाई अजून." चार दिवसांत मला मिळालेला हा पहिला चांगला शेरा.

कारण माझ्या म्हशीचा निबंध बाईंनी निघता निघता परत दिला होता. निकष लावून, नीट तपासून. साडेतीन. खाली लिहिलं होतं, 'आशय तोकडा. विद्यार्थिनीने अवांतर वाचन वाढवावे.' मी हिला म्हणालो, हे जरा जास्त झालं. ही म्हणाली, अगदी योग्य मूल्यमापन आहे, आणि गाडीत जाऊन बसली.

मी गाडी वळवत होतो. पाचवीचा वर्ग रस्त्याच्या बाजूलाच, खिडक्या उघड्या. बाई फळ्यापाशी उभ्या राहून पोरांना काहीतरी सांगत होत्या. स्वाती अजून फाटकापाशीच बापाच्या शेजारी, एका पायावर.

बाईंनी खिडकीतून हाक मारली, "स्वाती!"

आणि त्या पोरीनं, इतक्या दिवसांचं सगळं साठवून ठेवल्यासारखं, रस्त्यापर्यंत ऐकू येईल असं ओरडून उत्तर दिलं, "आलो, बाई!"

बाईंचं तोंड सवयीनं उघडलं. हात खडूकडं गेला. मग त्यांनी तोंड मिटलं, खडू ठेवला, आणि म्हणाल्या, "ये."